सातवीतल्या लेकीचा वजा-अधिकचा घोळ कसा सोडवू?

खानापूरची आई
लेक मराठी माध्यमाच्या सरकारी शाळेत सातवीत आहे. सहावीत पूर्णांकांची बेरीज-वजाबाकी जमत होती. आता गुणाकार सुरू झाल्यापासून आधीचंही चुकायलंय. काल वहीत −५ − ३ = +८ लिहिलं. विचारलं तर म्हणते, "वजा वजा अधिक, तसंच पाठ केलंय." आणि ४ − (−६) चं उत्तर मात्र −२! मी दहावीपर्यंत शिकले. चुकलंय ते कळतं, पण का ते सांगता येत नाही. घरी कसं समजवू, सांगा की कुणीतरी.

निपाणीचे गुरुजी
ताई, पोरीला गणित येतं. घोळ त्या पाठ केलेल्या वाक्याचा आहे. ते गुणाकार-भागाकाराचं वाक्य, पोरं बेरजेला लावतात. प्राथमिकला शिकवत होतो तेव्हा ही चूक दरवर्षी बघायचो, आणि बऱ्याचदा हुशार पोरांच्या वहीत, कारण पाठांतर त्यांचंच पक्कं. महिनाभर ते वाक्य घरात काढूच नका.

मूठभर चिंचोके घ्या आणि मूठभर खडे. चिंचोका म्हणजे +१, खडा म्हणजे −१. एक चिंचोका आणि एक खडा मिळून शून्य, म्हणून अशी जोडी कधीही आत घातली तरी किंमत बदलत नाही. आता −५ − ३. पाच खडे मांडा. त्यातून तीन चिंचोके उचलायचेत, पण चिंचोका एकही नाही. मग तीन जोड्या आत घाला आणि त्यातले तीन चिंचोके उचला. किती खडे राहिले? आठ. म्हणजे −८. ४ − (−६) पण तिलाच असं मांडू दे. सहा जोड्या घालून सहा खडे उचलले की दहा चिंचोके तिच्यासमोर येतील. हात तिचा चालला पाहिजे, तुम्ही नुसतं बघा.

शहापूरकर
काकू, मी कन्नड माध्यमातून शिकलो, मलाही हेच नडायचं. पण गुरुजी, (−२) × (−४) ला खडे कसे मांडणार? मला तिथे ही उतरण उपयोगी पडली:
२ × (−४) = −८
१ × (−४) = −४
० × (−४) = ०
दर ओळीला उत्तर ४ ने वाढतंय. मग (−१) × (−४) = ४ आणि (−२) × (−४) = ८ आलंच पाहिजे.

निपाणीचे गुरुजी
बरोबर, गुणाकाराला हेच दाखवा. ब्रह्मगुप्तांनी इ.स. ६२८ च्या ब्राह्मस्फुटसिद्धान्तात दोन्ही नियम वेगवेगळे दिलेत. बेरजेत ऋण आणि ऋण मिळून ऋण, गुणाकारात ऋण गुणिले ऋण धन. आपणही ते वेगळेच शिकवावेत, एका दमात नको.

खानापूरची आई
गुरुजी, बसवलं तिला. −५ − (−३) आलं तेव्हा स्वतःच म्हणाली, "यात जोड्या कशाला, खडे आहेतच की," आणि तीन उचलून −२ लिहिलं. आता भागाकाराला काय करू? −१२ ÷ (−४) ला अडलीय.

निपाणीचे गुरुजी
शाब्बास म्हणा तिला. भागाकाराला नवा नियम नको. "−४ ला कितीने गुणलं की −१२ येतात?" एवढंच विचारा.