प्रतिसाद : जेराल्डिन लेबॉर्न यांच्याविषयी

दूरचित्रवाणी वाहिनीच्या सर्वोच्च पदावर पोहोचलेल्या स्त्रिया बहुधा जाहिरात वा विक्री विभागातूनच वर येतात, असे मूळ लेखात म्हटले आहे. जेराल्डिन लेबॉर्न यांची वाट वेगळी होती, म्हणून त्यांची नोंद येथे व्हायलाच हवी. पूर्वी शिक्षिका असलेल्या लेबॉर्न १९८० मध्ये निकेलोडियन या अमेरिकेतील मुलांच्या केबल वाहिनीत दाखल झाल्या आणि १९८४ मध्ये वाहिनीची सूत्रे त्यांच्या हाती आली. पुढच्याच वर्षी, रात्रीचा मोकळा झालेला वेळ जुन्या मालिकांनी भरून त्यांनी ‘निक ॲट नाइट’ सुरू केले. त्यांचे खरे धाडस मात्र १९९१ चे. खेळण्यांच्या विक्रीसाठी बेतलेली कार्टून सर्रास दाखवली जात असताना, निर्मात्यांच्या स्वतःच्या कल्पनेतून जन्मलेल्या तीन मालिका ११ ऑगस्टला एकाच दिवशी सुरू झाल्या. त्यांतील ‘रगरॅट्स’मध्ये सारे जग रांगत्या बाळांच्या उंचीवरून दिसते, ही नजर मला हाडाच्या शिक्षिकेला साजेशी वाटते. १९९६ मध्ये त्या डिस्नेकडे गेल्या. नंतर ओप्रा विन्फ्री आदींसह त्यांनी उभारलेली स्त्रियांसाठीची ऑक्सिजन वाहिनी २००७ मध्ये एनबीसी युनिव्हर्सलने सुमारे ९२.५ कोटी डॉलरना विकत घेतली.