शब्दचर्चा : शिशी, कुपी आणि ‘अंबर’ रंगाची बाटली

नोंदवहीवाली : आमच्या छोट्या संग्रहालयात औषधांच्या जुन्या बाटल्या आणि प्रथमोपचाराच्या दोन पेट्या आल्या आहेत. नोंदपत्रे मराठीत लिहायला घेतली आणि तिसऱ्याच बाटलीला अडले. जुन्या यादीत कुणीतरी ‘अंबर रंगाची बाटली’ असे उतरवून ठेवले आहे. हातात घेतली तर काढ्यासारखी तपकिरी! मराठी माणसाला अंबर म्हटले की आकाश आठवणार. त्यात गंमत अशी, की शेजारच्याच फळीवर खरोखरच्या निळ्या बाटल्या आहेत. शिवाय शिशी, कुपी, बुधली यांतले कुठे काय लिहायचे?

खलबत्ता : ताई, अंबर आधी खोडा आणि ‘तपकिरी’ लिहा. हा अंबर आपला नव्हेच, इंग्रजीतला ‘अँबर’ आहे. देवमाशापासून मिळणाऱ्या सुगंधी द्रव्याला अरबीत अंबर म्हणतात. युरोपात तो शब्द झाडाच्या दगड झालेल्या राळेलाही लागला आणि त्या राळेच्या खड्यावरून रंगाला. आपला आकाशवाला अंबर संस्कृतातला. दोघांची गाठ तुमच्या नोंदवहीत पडली, एवढेच.

आणि इथे रंग चुकून चालणार नाही. तपकिरी काच निळ्या-जांभळ्या आणि अतिनील किरणांना बरीच अडवते, म्हणून सिल्व्हर नायट्रेट किंवा हायड्रोजन पेरॉक्साइडसारखी उजेडाने बिघडणारी औषधे तिच्यात ठेवत. निळ्या काचेचा त्या कामी फारसा उपयोग नाही. तुमच्या निळ्या बाटल्यांवरून एकदा बोट फिरवून पाहा. कंगोरे लागतात का?

नोंदवहीवाली : लागतात! सहा पैलू आहेत, तीन बाजूंना उभे कंगोरे. एका बाजूला उठावाच्या इंग्रजी अक्षरांत ‘नॉट टू बी टेकन’.

खलबत्ता : मग त्या विषारी औषधांसाठी घडवलेल्या बाटल्या. रात्री अंधारात चाचपडताना हाताला कळावे म्हणून ते कंगोरे. इंग्लंडमध्ये १८६८च्या फार्मसी कायद्याने विषारी औषधांवर ‘विष’ अशी चिठ्ठी सक्तीची केली, पण अंधारात चिठ्ठी कोण वाचणार? ‘विषाची बाटली’ मात्र लिहू नका, आत अजून विष आहे असे वाटते. ‘विषारी औषधासाठीची बाटली’ लांबलचक आहे खरे, पण बरोबर आहे. आणि त्या अक्षरांचे मराठी ‘घेऊ नये’ एवढेच करू नका, ‘पोटात घेऊ नये’ असे करा. अशा बाटल्यांत अंगाला चोळायची तेलेही असत, आणि ती घ्यायचीच होती, फक्त वरून.

आता शिशी. फारसीत शीशा म्हणजे काच, त्यावरून हा शब्द आला. त्या हिशेबाने ‘काचेची शिशी’ म्हणजे काचेची काच, पण एवढे कोण मोजतो! लहान, अरुंद तोंडाची असेल तर खुशाल शिशी लिहा. फक्त ‘शिशाची बाटली’ असे होऊ देऊ नका, ते शिसे या धातूचे रूप आहे. बुधली मूळची कातड्याची, तेलातुपाची. काचेसाठी ती नको.

कुपी हा माझा लाडका शब्द, तेव्हा जरा ऐकून घ्या. रसशास्त्रात, म्हणजे आयुर्वेदातल्या पारा-धातूंच्या औषधांच्या शास्त्रात, काचकूपी असते. तिला कापडमातीचे सात थर देतात, कज्जली (पारा आणि गंधक खलून केलेली काळी पूड) भरून वाळूच्या यंत्रात, म्हणजे वाळू भरलेल्या भांड्यात, ठेवतात आणि खालून आच देतात. रससिंदूर हे तांबडे औषध वाफ होऊन वर चढते आणि कुपीच्या गळ्याशी धरते. ते काढायला कुपी फोडावीच लागते. इंजेक्शनच्या अ‍ॅम्पूलचेही तेच : तोंड वितळवून बंद केलेले, मान मोडल्याशिवाय औषध हाती येत नाही. त्यामुळे अ‍ॅम्पूलला कुपी म्हणणे मला फारच चपखल वाटते.

दट्ट्या : चपखल आहे हो, पण वर्तमानपत्रांनी रबरी बुचाच्या बाटलीलाही कुपीच करून ठेवले आहे. ‘लसीच्या कुप्या’ आपण सगळ्यांनीच वाचल्या. तिची कुणी मान मोडत नाही.

खलबत्ता : मान्य. मग ‘मान मोडून उघडायची कुपी’ आणि ‘रबरी बुचाची कुपी’ असे दोन वेगळे लिहावे लागेल.

नोंदवहीवाली : आणि बूच, टोपण, झाकण? माझ्या आधीच्यांनी सगळीकडे झाकण लिहिले आहे.

दट्ट्या : तोंडात आत शिरते ते बूच. बाहेरून बसते किंवा आट्यांवर फिरते ते टोपण. रुंद तोंडावर नुसते ठेवायचे ते झाकण, म्हणजे बरणीचे. चिंधीचा नाहीतर लाकडाचा बोळा कोंबला असेल तर गुडदी. काचेचे बूच खरखरीत दिसत असेल तर ‘घासून बसवलेले काचेचे बूच’ लिहा, कारण ते त्या एकाच बाटलीच्या तोंडात घासून जुळवलेले असते. अनुभवाचे बोल आहेत. एकदा उत्साहाच्या भरात मी चाळीस बाटल्यांची बुचे एकाच घमेल्यात धुवायला टाकली. मग दोन दुपारी प्रत्येक बूच प्रत्येक तोंडात फिरवत बसलो. सहा अजून बेवारस आहेत.

नोंदवहीवाली : बापरे. आता पेट्या. एका चिठ्ठीवर ‘टिंक्चर आयोडीन’ आहे, त्याचे ‘आयोडीनचा अर्क’ केले तर?

खलबत्ता : नको. अर्क हा अरबीतला मूळ घामाचा शब्द. वाफ थंड होऊन थेंब थेंब गळते ते अर्क. आयोडीन इथे अल्कोहोलमध्ये नुसते विरघळवलेले असते, गाळलेले-ठिबकलेले काही नाही. टिंक्चरच्या मुळाशी लॅटिनमधला ‘रंगवणे’ आहे, आणि ज्याच्या गुडघ्याला ते लागले आहे त्याला हे वेगळे सांगायला नको. टिंक्चरच ठेवा. अर्क आपण बिलंदर माणसांसाठी राखून ठेवू.

अडाणी : मध्येच विचारतो, ‘मलमपट्टीचे सामान’ म्हटले तर पेटी एका शब्दात नाही का बसत?

खलबत्ता : बोलताना बसते. पण पेटीत पट्ट्या असतील आणि मलम नसेलच तर? शिवाय ‘वरवरची मलमपट्टी’ने त्या शब्दाची पार रया घालवली आहे. मी तरी ‘जखम बांधण्याच्या पट्ट्या’, ‘जाळीचे कापड’, ‘कापूस’ असे सुटे लिहीन. आणि पेटीला ‘प्राथमिक’ नव्हे, ‘प्रथमोपचार’. प्राथमिक म्हटले की पाया कच्चा असल्यासारखे वाटते. इथे अर्थ आहे डॉक्टर येईपर्यंतचा, सगळ्यात आधीचा उपचार.

नोंदवहीवाली : एक मोठे त्रिकोणी कापड आहे, त्यावर माणसांची चित्रे छापली आहेत. कुणाच्या डोक्याला बांधलेय, कुणाचा हात गळ्यात.

खलबत्ता : सांभाळा ते! फ्रीडरिश फॉन एस्मार्क या जर्मन शल्यचिकित्सकाच्या नावाने ओळखली जाणारी त्रिकोणी पट्टी असणार. कशी बांधायची ते तिच्यावरच छापलेले. ‘पट्टी’ म्हटले की लांब चिंचोळे काहीतरी डोळ्यांपुढे येते, म्हणून मी ‘छापील त्रिकोणी कापड’ लिहून कंसात ‘त्रिकोणी पट्टी’ देईन.

दट्ट्या : शब्द बाजूला ठेवून एक विचारतो. पेटीत भाजल्यावर लावायचे पिवळे काही आहे का? पिक्रिक अ‍ॅसिडच्या पट्ट्या जुन्या पेट्यांत सापडतात. ते सुकले की धक्क्याने किंवा घर्षणाने स्फोट होऊ शकतो. तसे दिसले तर उघडू नका, हलवू नका, रसायनांची जाणकार माणसे बोलवा. नोंद नंतर.

नोंदवहीवाली : पिवळे काही नाही, नीट पाहिले. पहिले नोंदपत्र असे केले : ‘बाटली, निळी काच, सहा पैलू, तीन बाजूंना उभे कंगोरे. विषारी औषधासाठीची. उठावाची इंग्रजी अक्षरे, अर्थ : पोटात घेऊ नये. बूच नाही. तळाशी गाळ.’

दट्ट्या : गाळ नदीत. बाटलीत साका. आणि बूच कोणत्या मापाचे हरवले तेही लिहा, माझ्याकडे सहा पडून आहेत.