गणित दिनासाठी एडवर्ड थॉर्प यांचे चरित्र निवडावे का?

प्रश्न (कॉलेज रोड, नाशिक)

नमस्कार. मी नाशिकमधील एका कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवते. २२ डिसेंबरला, राष्ट्रीय गणित दिनी, बारावीच्या मुलांपुढे जुगाराचा गणिती अभ्यास करणारे प्राध्यापक एडवर्ड थॉर्प यांच्याविषयी बोलावे असे माझ्या मनात आहे. गेल्या वर्षी आमच्याच एका विद्यार्थ्याने क्लासची फी मोबाईलवरच्या पत्त्यांच्या खेळात घालवली आणि ती भरण्यासाठी त्याच्या आईला गळ्यातली पोत गहाण ठेवावी लागली. त्यामुळे जुगारात जिंकलेल्या माणसाची गोष्ट मुलांना सांगू नये, असे सहकाऱ्यांचे म्हणणे आहे. जाणकारांनी कृपया मत द्यावे.

उत्तर (निवृत्त प्राध्यापक, गंगापूर रोड)

मॅडम, विषय बदलू नका, फक्त गोष्ट जिंकण्यापाशी थांबवू नका. थॉर्प १९५९ मध्ये अमेरिकेतील एमआयटी या तंत्रशिक्षणाच्या विद्यापीठात शिकवायला गेले. ब्लॅकजॅकमध्ये, म्हणजे पानांची बेरीज एकवीसच्या वर न जाता डीलरपेक्षा जास्त करण्याच्या पत्त्यांच्या खेळात, खेळून झालेली पाने पुन्हा कॅट पिसेपर्यंत परत येत नाहीत, म्हणजे पुढच्या डावाची संभाव्यता आधीच्या डावांमुळे बदलत जाते, ही तशी उघड गोष्ट त्यांनी गांभीर्याने घेतली, त्यासाठी फोरट्रान ही संगणकाची भाषा शिकून आयबीएम ७०४ या संगणकावर आकडेमोड केली आणि चारही पंज्या निघून गेल्या की पारडे खेळणाऱ्याच्या बाजूला झुकते, हे दाखवले. ‘बीट द डीलर’ हे त्यांचे पुस्तक १९६२ मध्ये आले.

माझ्या मते याहून मोलाचा भाग पुढे आहे. पारडे आपल्या बाजूला असले तरी एका डावावर किती लावायचे? बेल लॅब्स या अमेरिकन संशोधन संस्थेतील जॉन केली यांचा १९५६ चा निबंध माहितीशास्त्राचे जनक गणितज्ञ क्लॉड शॅनन यांनी थॉर्प यांना सुचवला होता. त्यातील नियमानुसार, जितके लावू तितकेच मिळणाऱ्या खेळात, जिंकण्याच्या संभाव्यतेतून हरण्याची संभाव्यता वजा करून जो अपूर्णांक येतो, तेवढाच भांडवलाचा हिस्सा लावायचा असतो. जिंकण्याची शक्यता ५१ टक्के असेल तर दहा हजारांतले फक्त दोनशे रुपये. आता हेच सूत्र अमेरिकन रूलेटला, म्हणजे फिरत्या चाकावर गोळी कोणत्या घरात पडेल यावर पैसे लावण्याच्या खेळाला, लाल रंगावर पैसे लावले असे धरून लावून पाहा. ३८ घरांपैकी १८ लाल, म्हणून १८ वजा २०, भागिले ३८, म्हणजे उणे ५.२६ टक्के. उत्तर ऋण आले की लावायची रक्कम शून्य. थॉर्प यांना जिंकवणारे सूत्रच मुलांना खेळू नका असे सांगते, आणि हे फळ्यावर दोन ओळींत दाखवता येते.

उत्तर (पंचवटी)

सरांशी मी सहमत आहे, पण रूलेटचा दुसरा अर्धा भागही सांगायला हवा. चाक आणि गोळी फिरू लागल्यावर त्यांचा वेग मोजून गोळी कोणत्या भागात पडेल हे वर्तवणारे, सिगारेटच्या पाकिटाएवढे यंत्र थॉर्प आणि शॅनन यांनी बनवले, १९६१ मध्ये ते अंगावर लपवून दोघे लास वेगासला गेले आणि बुटात, पायाच्या अंगठ्याखाली दडवलेल्या कळीने वेळ नोंदवू लागले. यंत्राने काम केले, परंतु कानापर्यंत नेलेली केसासारखी बारीक तार पुन्हा पुन्हा तुटत राहिली. तिथे त्यांचा भरवसा नशिबावर नव्हता, भौतिकशास्त्रावर होता. रूलेटवर नुसती आकड्यांची ‘सिस्टीम’ विकणाऱ्या माणसाकडे असे काहीच नसते.

आपल्याकडचे उदाहरणही जोडावे असे सुचवतो. वनपर्वातल्या नलोपाख्यानात ऋतुपर्ण राजा धावत्या रथातून बेहड्याच्या झाडाची पाने आणि फळे किती ते सांगतो, द्यूतात राज्य हरलेला नळ मात्र रथ थांबवून स्वतः मोजून खात्री करतो आणि मगच त्याच्याकडून अक्षविद्या, म्हणजे फाशांची विद्या, घेतो. त्या काळी फासे म्हणून बेहड्याचीच फळे वापरत, त्यामुळे हा प्रसंग मला फार अर्थपूर्ण वाटतो. दिवाळीतल्या तीन पत्तीतही असे मोजून पाहण्यासारखे आहे. ५२ पानांतून तीन पाने २२,१०० प्रकारे येतात, त्यांत ट्रेल (तिन्ही पाने एकाच किमतीची) ५२ आणि प्युअर सिक्वेन्स (एकाच रंगाची ओळीने तीन पाने, जसे बदामची पाच, सहा, सात) ४८. म्हणजे प्युअर सिक्वेन्स अधिक दुर्मीळ असूनही खेळात ट्रेलच वरचढ धरतात. हे मुलांना स्वतः मोजू द्या.

प्रश्नकर्तीचे उत्तर

दोघांचेही मनापासून आभार. रूलेटचे गणित मांडायला त्याच मुलाला फळ्यापाशी बोलवावे असा विचार आधी आला होता, पण चारचौघांत त्याला लाजवल्यासारखे होईल, म्हणून ते मीच करीन. तीन पत्तीची मोजणी वर्गाकडे देईन, आणि काष्ठौषधींच्या दुकानातून मूठभर बेहडे आणून टेबलावर ठेवीन.