पार्किन्सन्सच्या नृत्यवर्गासाठी लय, चक्कर (गिरकी) आणि तासाची आखणी कशी ठेवावी?

घुंगरू_सातारा
आमच्याकडच्या ज्येष्ठ नागरिक संघाने पार्किन्सन्स असलेल्यांसाठी आठवड्यातून दोनदा नृत्याचा वर्ग घ्याल का, असं विचारलंय. आठ-नऊ जण येतील. तिघे काठी घेऊन चालतात, एका काकांचे पाय चालता चालता जमिनीला खिळतात. माझं शिक्षण कथकचं. पुण्यात नर्तक हृषीकेश पवार असे वर्ग घेतात आणि न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनला नृत्यदिग्दर्शक मार्क मॉरिस यांच्या नृत्यसंस्थेने २००१ मध्ये सुरुवात केली, एवढं माहीत आहे. तत्कार (पायांनी ठेका देणं) किती लयीत घ्यावा? चक्कर पूर्ण गाळू का? हॉल २० बाय ३० फूट, फरशी गुळगुळीत.

फिजिओ_अनघा
ताई, लयीच्या आधी वर्गाची वेळ ठरवा. प्रत्येकाकडून लेव्होडोपाची (या आजारावरच्या औषधाची) गोळी किती वाजता घेतात ते लिहून घ्या. बहुतेकांना गोळीनंतर पाऊण-एक तासाने हालचाल मोकळी होते आणि वर्ग त्याच काळात हवा. गोळीच्या बरोबरीने दूध, पनीर, डाळ पोटात गेली तर प्रथिनांमुळे औषध नीट लागू होत नाही. मग आदल्या वेळी छान नाचलेले आजोबा त्या दिवशी खुर्चीतून उठतही नाहीत आणि आपल्याला वाटतं, यांचा उत्साहच गेला.

दुसरं म्हणजे, उभं राहिल्यावर रक्तदाब खाली येणं या आजारात नेहमीचं आहे. उठण्याआधी बसल्या जागी घोटे १५ वेळा वर-खाली करायला लावा, मग उठून खुर्चीला धरून एक मिनिट नुसतं उभं राहायचं. डोकं हलकं वाटलं तर लगेच बसायचं.

नृत्य उपयोगी का पडतं, तेही सांगते. सवयीच्या हालचाली आपोआप सुरू करून देण्याचं काम मेंदूतल्या बेसल गँग्लियाचं. डोपामाइन हे मेंदूतलं रसायन कमी झालं की ते अडखळतं. बाहेरून ठेका मिळाला की पाऊल उचलायचा इशारा दुसऱ्या वाटेने पोचतो. त्यामुळे आजार थांबत नाही, पण चाल, तोल आणि मन तिन्हींना आधार मिळतो.

ठेकेदार_तबला
लय अंदाजाने लावू नका. प्रत्येकाला नेहमीसारखं ३० सेकंद चालायला सांगा, पावलं मोजा, दुप्पट करा. ४८ आली तर मिनिटाला ९६. लेहरा (तालाबरोबर फिरत राहणारी धून) ९६ वर लावायचा, एका मात्रेला एक पाऊल. दोन-तीन आठवड्यांनी पाच टक्के वाढवा, म्हणजे १०१ च्या आसपास. पाय खिळणाऱ्या काकांसाठी मात्र वाढवायचं नाही, उलट दहा टक्के कमी. लय पुढे पळाली की त्यांची पावलं आखूड होत जातात आणि तिथेच पाय अडकतात.

चालायला आठ मात्रांचा केरवा ताल. सहा मात्रांच्या दादऱ्यात जोर पहिल्या आणि चौथ्या मात्रेवर, म्हणजे एकदा उजव्या आणि एकदा डाव्या पायावर येतो, म्हणून बसून डावी-उजवीकडे झुलायला तो फार गोड. विलंबित (संथ) त्रिताल नको, दोन मात्रांमधल्या पोकळीत पाऊल हरवतं. ढोलकीची द्रुत लावणीही चालताना नको, बोलांच्या गर्दीत मूळ ठेका सापडत नाही. सिनेमाची गाणी घेतलीत तर सुरुवातीचा ठेका नसलेला भाग कापून टाका.

हस्तक
तासाची वाटणी अशी ठेवा: २५ मिनिटं बसून, १५ खुर्चीमागे उभं राहून, १५ चालून, शेवटची ५ परत बसून. बसून घेतलेला भाग कमी प्रतीचा मानू नका, कथकचं अर्धं सौंदर्य तिथेच मिळतं. हस्तक (हातांच्या हालचाली) मुद्दाम मोठे घ्यायला लावा, कारण त्यांना पूर्ण वाटणारा हात प्रत्यक्षात अर्धाच उघडलेला असतो. पताकातून (उघडा पंजा) मुष्टी (मूठ), पुन्हा पताक, मग हंसास्य (अंगठा-तर्जनीची टोकं जुळवून) या मुद्रा. बोटं सुटी होतात. अभिनय जरूर घ्या, चेहऱ्याचे स्नायू ताठरलेले असतात.

‘ता थेई थेई तत्, आ थेई थेई तत्’ मोठ्याने म्हणवून घ्या. आवाजही बारीक झालेला असतो. पण आधी नुसती पढंत (बोल तोंडाने म्हणणं), मग नुसते पाय, मग दोन्ही. दोन कामं एकदम दिली की चाल बिघडते. काकांना चालताना पढंत देऊच नका.

टाचेवरचं चक्कर गाळा, वळणं गाळू नका. जमिनीवर घड्याळ आहे असं समजून १२, ३, ६, ९ असं पावलं टाकत वळायचं. पाय एकमेकांवरून जाता कामा नये. काका खिळले तर हात ओढू नका, तोल पुढे जातो. थांबा, डावी-उजवीकडे झुला, मग एक मोठं पाऊल. फरशीवर त्यांच्या पावलाएवढ्या अंतरावर ठळक रंगाच्या आडव्या पट्ट्या चिकटवा.

घुंगरू त्यांच्या पायात नको, तुमच्या पायात हवेत. ठेका कानांना आणि डोळ्यांना एकदमच मिळतो.

घुंगरू_सातारा
खूप आभार. सगळ्यांचा वेग वेगळा आला तर? आणि अनवाणी चालेल का? मागे जाणारी पावलं?

ठेकेदार_तबला
वेग जवळचे असतील त्यांची जोडी करा आणि चालण्याच्या भागात आळीपाळीने सोडा. बाकीच्यांनी बसून ताली-खाली (हाताने टाळी आणि रिकाम्या मात्रेची खूण) धरायची. सरासरी काढून एकच लय लावलीत तर ती कुणाचीच होणार नाही.

फिजिओ_अनघा
मधुमेहाने तळव्यांची संवेदना गेलेली नसेल तरच अनवाणी. नाहीतर पातळ तळाचे, मागून बंद बूट. जाड रबरी तळ नको, पाय घासत चालणाऱ्यांचा बूट फरशीला अडतो. मोजे घालून तर अजिबात नाही.

टँगोवर सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात संशोधन झालंय आणि त्यात तोल सुधारलेला दिसला. टँगोत थांबणं, पुन्हा निघणं, मागे जाणं सतत असतं. त्यामुळे मागची पावलं घ्या, पण मागे पडण्याचा धोका खरा आहे. खिडकीचे गज धरून चार पावलं, त्याहून जास्त नाही. काठीवाल्या प्रत्येकामागे एक मदतनीस, कमजोर बाजूला, अर्धं पाऊल मागे. आणि प्लास्टिकच्या खुर्च्या आधाराला नकोत, पाठीवर भार दिला की मागे कलंडतात. संघाकडे लोखंडी असतील त्या मागवा. ज्यांना उठायला त्रास होतो त्यांच्यासाठी हात असलेल्या.