'अभ्यासापुरतं नेट फुकट' म्हणणाऱ्यांनो, जरा थांबा

खडूसमास्तर:
काल इथे एका भल्या माणसाने लिहिलं, सरकारमान्य शैक्षणिक अ‍ॅपं फुकट करा, बाकी नेटला पैसे लावा, गरिबाची पोरं तरी शिकतील. राहवलं नाही. हेच दुकान फेसबुकने 'फ्री बेसिक्स' म्हणून मांडलं होतं. मोजक्या साइट फुकट, निवडणार तेच. ८ फेब्रुवारी २०१६ ला ट्रायने, म्हणजे सरकारच्या दूरसंचार नियामकाने, साइटप्रमाणे वेगळे दर लावायला बंदी घातली, दिवसाला ५० हजार दंड ठेवला, तेव्हा कुठे गाशा गुंडाळला.
माझी पुतणी मोटर वाइंडिंग शिकली ती परभणीकडच्या एका मेकॅनिकच्या व्हिडिओवरून. ऑइलने काळी झालेली नखं, मागे कोंबडा आरवतोय. हा माणूस कुठल्या मान्यताप्राप्त यादीत बसणार?

फणसगरे:
मास्तर, यादी ठेवा बाजूला, आधी रेंज द्या. लॉकडाऊनमध्ये माझा मुलगा सड्यावर छत्री धरून ऑनलाइन तासाला बसायचा, मोबाइल दुधाच्या पिशवीत. 'दीक्षा', ते सरकारी अभ्यासाचं अ‍ॅप, फुकट असतं तर रिचार्जचे पैसे तरी वाचले असते. तुमची ती 'सगळ्या साइटना एकच दर'वाली समानता काय चाटायचीय?

खडूसमास्तर:
अ‍ॅप फुकट केलं की टॉवर उगवतो का?

फणसगरे:
टॉवर उगवलाय हो! दोन वर्षं झाली, कावळे बसतात त्यावर.

लाइटबिल_भरलंय:
आमचा चालू आहे, पण लाइट गेली की तोही झोपतो. जनरेटरचं डिझेल कुठे जातं ते विचारा कधी.

फणसगरे:
डिझेल? आमच्याकडे बॅटऱ्याच चोरीला गेल्या.

लाइटबिल_भरलंय:
बाहेरचे नसणार चोर. लिहून घ्या.

खडूसमास्तर:
अहो, धागा कशाचा, चाललंय काय!

सदाशिव_नाही_नारायण:
तत्त्वं ही पोट भरलेल्यांची थेरं. तेव्हा फ्री बेसिक्सविरुद्ध ट्रायला ईमेल धाडणारे सगळे वायफायवाले. फ्री बेसिक्सवर विकिपीडिया होता ना? काहीच नसण्यापेक्षा काय वाईट?

खडूसमास्तर:
विकिपीडिया होता, यूट्यूब नव्हतं. आणि ईमेल मीही धाडला होता, एसटी स्टँडसमोरच्या सायबर कॅफेतून. उगाच अंगावर येऊ नका. डेटा स्वस्त झाला तो सप्टेंबर २०१६ ला जिओ उतरल्यावर, स्पर्धेने. फुकट यादीने नव्हे.

सदाशिव_नाही_नारायण:
आणि जुलै २०२४ ला जिओ, एअरटेल, व्हीआय या तिघांनी पाठोपाठ दर वाढवले, ती कुठली स्पर्धा?

खडूसमास्तर:
...बरं, हे मान्य. मग डेटाच फुकट द्या, कशावर वापरला ते विचारू नका. ट्रायनेच डिसेंबर २०१६ मध्ये शिफारस केली होती, ग्रामीण ग्राहकाला महिन्याला १०० एमबी.

फणसगरे:
१०० एमबी? त्यात तुमचा कोंबडा तेवढा आरवेल, मोटर राहील तशीच.