क्विंटल, खंडी, आर : ‘अधिकृत मेट्रिक’ म्हणायचं कशाला?

तापीकाठ :
शेतमालाच्या भावावरच्या एका पोस्टीत ठासून लिहिलंय, की ‘क्विंटल एसआयमध्ये (आंतरराष्ट्रीय एकक पद्धतीत) नाही, म्हणजे तो मेट्रिकच नाही, बाजार समितीने फळ्यावर फक्त किलोचा भाव लावावा.’ हे वाचून गप्प बसवत नाही. १०० किलोचा क्विंटल दशमान आहे, म्हणून मेट्रिकच. एसआय हे नाव १९६० सालचं, मेट्रिक पद्धत फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळातली. एसआयसोबत चालणाऱ्या एककांच्या यादीत टन, लिटर, हेक्टर आहेत आणि क्विंटल नाही, एवढंच खरं. पण केंद्र सरकार कापसाचा हमीभाव दर क्विंटलनेच जाहीर करतं. तोही अनधिकृत का?

वजनकाटा :
सरकार वापरतं म्हणून अधिकृत, हा कुठला न्याय? २००९ च्या वैधमापन कायद्यात वस्तुमानाचं मूळ एकक किलोग्रॅम आहे. मोठा काटा तपासताना २०-२० किलोची प्रमाणित वजनं रचतात, क्विंटलचं वजन कोणी आणत नाही. आणि खरा घोळ खंडीचा आहे. रुईचा, म्हणजे सरकी (बी) काढलेल्या कापसाचा भाव खंडीने, म्हणजे ३५५.६२ किलोला. रुईची दाबून बांधलेली गाठ १७० किलोची. सरकीसकट कापूस क्विंटलने. खंडीचा भाव ३.५५६२ ने भागला की रुईचा क्विंटलभाव निघतो, आणि लोक तो कापसाचा समजून व्यापाऱ्याशी भांडतात. उतारा, म्हणजे कापसातून निघणारी रुई, ३४ टक्के धरला तर एका खंडीला साधारण १०.४६ क्विंटल कापूस लागतो. कापसाचा भाव काढायचा तर रुईच्या पैशांत त्यातून निघालेल्या सरकीचे पैसे जोडायचे, जिनिंगचा (सरकी वेगळी करण्याचा) खर्च वजा करायचा. आधी ही खंडी हटवा.

मोजणीवाला, चोपडा :
खंडी व्यापाऱ्यांपुरती तरी आहे. सातबारा घरोघरी आहे! एसआयच्या त्या यादीत हेक्टर आहे, आर नाही. आपला सातबारा मात्र हेक्टर-आर-चौरस मीटरमध्ये. आर म्हणजे १०० चौ.मी., गुंठा म्हणजे १०१.१७. सगळे दोन्ही एकच धरतात. एकर ४०.४७ आरचा. ‘१ एकर’ ठरवून कागदावर ४० आर लिहिले, की घेणाऱ्याचे जवळपास ४७ चौ.मी. गेले, म्हणजे ५०० चौ. फुटांहून जास्त. दुसरी चूक टिंबाची. ०.०५ हेक्टर म्हणजे ५ आर, ०.५ हेक्टर म्हणजे ५० आर. आरचे कायम दोन आकडे लिहा : ०.०५.०० (हेक्टर.आर.चौ.मी.).

गिरणाथडी :
म्हणून गुंठाच बरा म्हणतो मी. ३३ फुटांची साखळी, ३३ गुणिले ३३, झाले १०८९ चौ. फूट. गुंठ्याचे १६ आणे. भावांची वाटणी बांधावर टेप धरूनच होते, तिथे तुमचा आर कोणाला दिसतो?

मोजणीवाला, चोपडा :
भाऊ, रागावू नका, पण ह्याच आण्यांनी वाटण्या बिघडल्यात. तिघांत वाटा करताना १६ ला तीनने भाग जात नाही. उरलेला आणा ‘जाऊ द्या’ म्हणून सोडतात आणि पुढच्या पिढीत त्याच पट्टीवर दावा लागतो. टेप मीटरचीही मिळते. चौ.मी. काढा, दोन दशांश ठेवा, मग भागा.

गिरणाथडी :
तीनने भाग १०० लाही जात नाही! दोष मोजणाऱ्याचा, गुंठ्याला का झोडपता?

मोजणीवाला, चोपडा :
१०० ला जात नाही, मान्य. पण तिथे चूक चौरस सेंटिमीटरांत राहते. आणा म्हणजे ६८ चौ. फूट.

वजनकाटा :
धागा क्विंटलचा होता, तुम्ही शेतात शिरलात.

तापीकाठ :
शिरू द्या, मुद्दा तोच आहे. यादीत नसलेला आर सातबाऱ्यावर चालतो, तर यादीत नसलेल्या क्विंटलवरच राग का?

वजनकाटा :
बरं, फळ्यावर क्विंटल राहू द्या. पण काटापट्टीवर, म्हणजे वजनाच्या पावतीवर, वजन किलोतच हवं, भरलेल्या गाडीचं, रिकाम्या गाडीचं आणि निव्वळ मालाचं असं तिन्ही. ‘१२ क्विंटल’ एवढंच लिहिलं की वरचे ४० किलो कुठे गेले ते कळत नाही. ह्यावर मी हटणार नाही.

गिरणाथडी :
काटापट्टीचं पटलं. गुंठा मात्र सोडत नाही.