अंजनेरी, रविवार आणि घरची सर्व मंडळी: चढायला किती वाजता सुरुवात करावी? (मदत हवी आहे)

सातपूरकर_गृहिणी:
नमस्कार. येत्या रविवारी आम्ही घरचे सर्वजण अंजनेरीला जाणार आहोत. थंडीत हवा स्वच्छ असली, तर वरच्या कड्यावरून एकीकडे ब्रह्मगिरी आणि दुसरीकडे गंगापूर धरणाचे पाणी दिसते आणि आम्हाला तेच पाहायचे आहे. यजमान म्हणतात की पहाटे अंधारातच निघावे. घरातील इतरांचे म्हणणे आहे की नऊशिवाय घर सोडू नये. कृपया चढाई सुरू करण्याची योग्य वेळ तेवढी सांगावी. शिदोरीची तयारी शनिवारीच करायची असल्यामुळे उत्तर लवकर हवे आहे.

गडवाटा:
ताई, वेळ सांगण्याआधी काही गोष्टी कळायला हव्यात. सर्व मंडळी म्हणजे किती जण आणि कोणत्या वयाचे? स्वतःची गाडी आहे की त्र्यंबकच्या बसने अंजनेरी फाट्यावर उतरणार? आणि वर म्हणजे नेमके कुठपर्यंत? पहिल्या पठारावरील अंजनीमातेच्या मंदिरापर्यंत जाणे वेगळे आणि तळ्यावरून पुढे जाऊन दुसरी चढण चढून माथा गाठणे वेगळे.

शिखरप्रेमी:
घरच्यांना घेऊन एक संपूर्ण दिवस काढणारच असाल, तर अंजनेरीऐवजी कळसूबाईला जावे असे मी आग्रहाने सुचवेन. १,६४६ मीटर उंचीचे ते महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर आहे आणि नाशिकहून घोटीमार्गे बारी गावात सकाळी आरामात पोहोचता येते.

सातपूरकर_गृहिणी:
कळसूबाईविषयी मी विचारलेले नाही. आम्ही सहा जण आहोत, गाडी स्वतःची आहे आणि जमल्यास माथ्यापर्यंत जायचे आहे. वेळ सांगावी, ही विनंती.

गडवाटा:
सहा जणांत लहान मूल किंवा वयस्कर कोणी आहे का? वेळेचे उत्तर त्यावरच अवलंबून आहे.

सिन्नरचा_पांथस्थ:
शिखरप्रेमी, घरात मुले आणि वडीलधारी माणसे आहेत की नाहीत याची चौकशी न करताच कळसूबाई सुचवणे मला पटत नाही. तिथल्या लोखंडी शिड्यांवर रविवारी वर जाणारे आणि खाली येणारे एकमेकांसमोर अडकतात. तिथे वयस्कर माणसाला गर्दी ओसरेपर्यंत पाय रोवून थांबावे लागते.

सातपूरकर_गृहिणी:
मुलगा सहा वर्षांचा आहे. सासूबाई ६८ वर्षांच्या आहेत आणि त्यांचा उजवा गुडघा दुखतो. मात्र डॉक्टरांनी चढण्यास मनाई केलेली नाही. त्यांना अंजनीमातेचे दर्शन घ्यायचेच आहे, म्हणून डोंगर बदलणार नाही. नऊनंतर निघण्याचा आग्रहही त्यांचाच आहे.

गडवाटा:
हे आधी कळले असते, तर पहिल्याच उत्तरात नेमके सांगता आले असते. गावातून गाडीरस्ता पायथ्यापर्यंत जातो. गाडी तिथपर्यंत न्यावी, म्हणजे सासूबाईंची बरीच चाल वाचेल. त्यानंतर पायऱ्यांची वाट लागते आणि ती एका अरुंद घळीतून वर चढते. तिथल्या पायऱ्या एकसारख्या नाहीत. एखादी वीतभर उंच, तर पुढचीच गुडघ्याजवळ येणारी. घळीतच कातळात कोरलेली जैन लेणी आहेत आणि थांबून दम घ्यायला ती उत्तम जागा आहे. पठारावर आल्यावर मंदिरापर्यंत वाट बहुतांशी सपाट आहे. सराव असलेला माणूस दीड तासात मंदिरात पोहोचतो. सासूबाईंसाठी अडीच तास धरावेत. दुखऱ्या गुडघ्यावर चढण्यापेक्षा उतरताना अधिक भार येतो, म्हणून उतरण्यासाठीही तेवढाच वेळ ठेवावा आणि एक मजबूत काठी सोबत घ्यावी. डिसेंबरअखेरीस सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. त्यामुळे सकाळी साडेसातला पायथा सोडावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

गंगापूररोड_आजोबा:
साडेसातची वेळ मला मान्य नाही. मी स्वतः सत्तरीच्या पुढचा आहे. या दिवसांत पहाटे अंगात कापरे भरते, सांधे आखडलेले असतात आणि त्या अवस्थेत उंच पायऱ्या चढायला लावणे योग्य नाही. शिवाय सकाळी खालच्या सपाटीवर धुके साचलेले असते, म्हणजे ज्या दृश्यासाठी जायचे तेच दिसत नाही. उन्हाची ऊब अंगाला लागल्यावरच पहिली पायरी चढावी. सूनबाईंनी सासूबाईंचे ऐकावे.

गडवाटा:
आजोबा, धुक्याचे म्हणणे बरोबर आहे. पण साडेसातला निघालेली ही मंडळी पठारावर दहाला पोहोचतील, तोवर धुके बहुधा विरलेले असते. घरूनच नऊला निघाले, तर उतरणीच्या वेळी घाई होईल आणि गुडघ्याला घाईच सर्वांत अधिक बाधते.

इतिहास_वाचक:
वयस्करांसाठी पेठ रस्त्यावरील आशेवाडीचा रामशेज अधिक सोयीचा आहे. १६८२ पासून या लहानशा किल्ल्याने मोगल सैन्याला काही वर्षे दाद दिली नाही. माथ्यावर जाताना रामाचे मंदिरही लागते.

नवी_वाट:
अंजनेरी आणि ब्रह्मगिरीला जोडणाऱ्या रोपवेचा प्रस्ताव पूर्ण झाला, तर अशा प्रश्नांची गरजच उरणार नाही.

रानवेल:
या सूचनेला माझा ठाम विरोध आहे. अंजनेरी हे संवर्धन राखीव क्षेत्र आहे. तिथल्या कड्यांवर लांब चोचीची गिधाडे घरटी करतात आणि सिरोपेजिया अंजनेरिका या दुर्मीळ कंदीलपुष्पाला याच डोंगराचे नाव मिळालेले आहे. थंडीत ते फुललेले दिसत नाही, तरी पठारावरील माती आणि त्यातील कंद जागीच असतात. म्हणून ताईंनाही विनंती आहे की त्यांनी मळलेली वाट सोडून गवतात शिरू नये आणि वर चूल पेटवू नये. शिदोरी पिशवीत उघडी नेऊ नये. वाटेवरची माकडे ती हातातून ओढतात आणि लहान मूल घाबरते. पिण्याचे पाणी खालूनच भरून घ्यावे.

सातपूरकर_गृहिणी:
आपणा सर्वांचे आभार. आठ वाजता पायथ्यावरून चढायला सुरुवात करायची, असे घरात ठरले आहे. त्या वेळी ऊन आलेले असेल, म्हणून सासूबाईंनीही होकार दिला. दर्शनानंतर मी, सासूबाई आणि मुलगा मंदिरापाशी थांबू. यजमान, नणंद आणि भाचा माथ्यावर जाऊन येतील. प्रश्न इतकाच की सासूबाईंनाही ब्रह्मगिरी पाहायचा आहे. तो पाहण्यासाठी माथ्यावरच जावे लागेल का?

गडवाटा:
नाही. पठाराच्या पश्चिमेकडील कडेला आल्यावर ब्रह्मगिरी समोर दिसतो. मात्र कड्यावर कठडा नाही. मुलाचा हात सोडू नये आणि सासूबाईंना कडेपासून मागे, सपाट जागी बसवावे. माथ्यावर जाणाऱ्यांना परतीची वेळ आधीच सांगून ठेवावी. ते एक वाजेपर्यंत खाली आले नाहीत, तरी आपण सासूबाईंना घेऊन सावकाश उतरू लागावे. ते वाटेत गाठतील.

गंगापूररोड_आजोबा:
आठची वेळ योग्य आहे. उतरताना सासूबाईंच्या एक पायरी पुढे, त्यांच्या उजव्या बाजूला कोणीतरी चालावे.